बाबा, छाती, डावी बाजू

"यात अवघड असं काहीच नाही!" सूनबाईनं जाहीर केलं, आणि त्याच क्षणी तिच्या नवऱ्यानं आणि सासूबाईंनी एकदम न्हाणीघराकडे पाहिलं. मागच्या खेपेला ती हेच वाक्य बोलली होती, तेव्हा न्हाणीघराच्या फरशीवर निळ्या रंगाचा एक मोठा नकाशा उमटला होता. तो अजून निघालेला नाही. पाहुणे त्याला डिझाइन समजतात, आणि घरातलं कुणी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

सूनबाई इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, रोखा, सोडा" असं सांगून घरी यायची आणि मग आपला छंद घेऊन बसायची. छंद काय, तर कागदाला लोखंडाच्या क्षारांचं पाणी फासायचं, ते अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून काच दाबायची आणि सगळं उन्हात ठेवायचं. मग कागद पाण्यात धुतला की निळाशार फोटो! नवरा म्हणायचा, "अगं, आता बटण दाबलं की फोटो निघतो." ती म्हणायची, "बटण दाबायचं काम मी दिवसभर करतेच की!"

या वेळचा बेत मोठा होता. सासरेबुवांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सासूबाईंनी कपाटाच्या तळातून काडेपेटीएवढा एक जुना फोटो काढून दिला. सायकलीला टेकून उभा असलेला तरणाबांड गडी, अंगात सायकल क्लबचा आडव्या पट्ट्यांचा शर्ट, छातीवर गोल बिल्ला, मिशीला नुकतीच फुटलेली पालवी, आणि फोटोच्या कोपऱ्यात ओलीचा एक जुना डाग.

"याचा मी खिडकीएवढा निळा फोटो करते," सूनबाई म्हणाली. "आणि बाबांना आधी काही कळता कामा नये!"

आता खिडकीएवढा फोटो उन्हात छापायचा तर निगेटिव्हही खिडकीएवढीच लागते, कारण ती कागदाला चिकटूनच ठेवावी लागते. काडेपेटीतून खिडकी कशी काढायची? तर फोटो स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर मोठा करायचा, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करायचं, डाव्याचं उजवं करायचं आणि पारदर्शक फिल्मवर छापायचं. झालं! यात अवघड काय?

घरचा प्रिंटर पडला लहान. म्हणून तिनं फाइल छपाईच्या दुकानात पाठवली. संध्याकाळी गुंडाळी आली. उघडून बघते तर काय, फिल्मवर साधा, सरळ, गोरागोमटा फोटो! तिनं दुकानात फोन लावला.

"अहो, हे काय छापलंत?"

"ताई, तुमच्या फोटोत गडबड होती," दुकानदार मायेनं म्हणाला. "चेहरा काळा आणि मिशी पांढरी झाली होती. अगदी भुतासारखा दिसत होता माणूस. मी नीट करून दिला."

"अहो, मला भूतच हवं होतं!"

"आँ?"

"भूत! जसं पाठवलं तसं! आणि डाव्याचं उजवंही हवं होतं!"

"तेही मी सरळ केलं बघा. एवढं आम्ही आपुलकीनं करतो."

दुसऱ्या खेपेला तिनं फाइलसोबत ठणकावून लिहिलं, "काहीही बदलू नये. भूतच हवंय." गुंडाळी आली. या वेळी काळं-पांढरं बरोबर, डावं-उजवं बरोबर, आणि खाली सासरेबुवांच्या बुटांवर ठळक अक्षरांत छापलेलं, "काहीही बदलू नये. भूतच हवंय."

दुकानाचा नाद सोडून तिनं ठरवलं की घरच्याच प्रिंटरवर चार तुकडे छापायचे आणि चिकटपट्टीनं जोडायचे. मागच्या खोलीला लागून एक चिंचोळी जागा होती, तिथं तिचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. पहिला तुकडा डोक्याचा. तो तिनं फिल्मच्या उलट्या बाजूवर छापला. त्या फिल्मची एकच बाजू शाई धरते, दुसरीवर शाई तेल सांडल्यासारखी नुसती थबथबून राहते. "वाळलंय का गं?" असं विचारत नवऱ्यानं अंगठा टेकवून बघितला. हा माणूस 'रंग ओला आहे' अशी पाटी दिसली की आधी बोट लावून खात्री करणाऱ्यांपैकी! सासरेबुवांच्या कपाळावर त्यांच्या चिरंजीवांचा अंगठा उमटला. तुकडा बाद!

छातीच्या डाव्या बाजूचा तुकडा मात्र फक्कड आला. सूनबाईनं कोपऱ्यात मार्करनं लिहिलं, "बाबा, छाती, डावी बाजू" आणि कपड्याचे चिमटे लावून तो मागच्या खोलीच्या खिडकीत दोरीवर वाळत टाकला. मग पुन्हा डोक्याच्या मागे लागली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्याच आठवड्यात सासरेबुवांना खोकला झाला होता, म्हणून सूनबाईनं इस्पितळात नेऊन त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला होता. डॉक्टरांनी बघून सांगितलं, "सगळं साफ आहे." खोकलाही गेला. पण सासरेबुवांचा डॉक्टरांच्या गोड बोलण्यावर विश्वास नव्हता. डॉक्टर घाबरवतो तेव्हा काही नसतं आणि हसून पाठवतो तेव्हा घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत.

तर सासरेबुवा पक्कड शोधत मागच्या खोलीत आले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. समोर खिडकीत एक भलीमोठी काळसर फिल्म लोंबत होती, तिच्यातून ऊन येत होतं. काळ्यावर एकाखाली एक पांढरे, बाकदार पट्टे. बरगड्या! आणि त्या बरगड्यांच्या मधोमध गोल, लखलखीत पांढरा डाग. बशीएवढा! सासरेबुवा फिल्मला नाक लावून कोपऱ्यातली अक्षरं वाचू लागले. "बाबा. छाती. डावी बाजू."

तेवढ्यात पलीकडच्या अर्धवट लोटलेल्या दारातून आवाज आले.

"डोकं कसं आहे?" हा मुलगा.

"डोक्यात काही दिसतच नाहीये," ही सून. "सगळं पांढरं! छाती त्यामानानं बरी आहे."

"आणि तो डाग?"

"तो आता जात नाही. मोठं केल्यावर आणखीनच पसरलाय. मुळात जुनं झालंय रे सगळं, आपण तरी किती ओढूनताणून सुधारणार?"

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं ना. त्या म्हणाल्या, आहे तसंच राहू दे, उगाच उस्तवारी नको."

सासरेबुवांनी खिडकीचा गज धरला. इतकी वर्षं संसार केला, आणि उस्तवारी नको?

"वाढदिवसापर्यंत होईल ना पण?"

"ऊन मिळालं तर होईल. नाहीतर काय, फुलं आणून भागवायचं! फ्रेमवाला मात्र माप घेऊन गेलाय. फ्रेम तयार असेल."

सासरेबुवा पक्कड न घेताच बाहेर आले आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिले. रस्त्यावर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला. मग कुत्र्याचाही वाटला.

दुसऱ्या दिवसापासून घराला भलतंच वळण लागलं. जेवताना सासरेबुवांनी भाजीची चव घेतली आणि म्हणाले, "छान झालीय." सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मीठ कमी किंवा मीठ जास्त यांच्या पलीकडे तिसरा शेरा त्यांनी ऐकला नव्हता!

"अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला काय झालंय?" सासरेबुवा खिन्न हसले. "तू जेव आधी. दमतेस तू."

सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात ओढलं. "यांना काहीतरी झालंय गं! मला म्हणाले, दमतेस तू!"

मग सासरेबुवांनी मुलाला घरभर फिरवलं. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, फ्यूज उडाला तर कुठलं बटण वर करायचं, मागचं दार पावसाळ्यात फुगतं तेव्हा खांदा नेमका कुठे लावायचा, सगळं दाखवलं. मुलगा बिचारा मान डोलावत फिरला. आपली रेडिओ दुरुस्तीची पेटी त्यांनी समोरच्या शिंपीमामांना देऊन टाकली. त्या पेटीला आजवर घरातल्या कुणालाही हात लावायची मुभा नव्हती. शिंपीमामा घाबरून ती परत द्यायला आले, तर सासरेबुवा म्हणाले, "ठेवा. माझी आठवण म्हणून."

शिंपीमामांनी सासूबाईंना विचारलं, "घर सोडून कुठं चाललेत की काय?"

त्या संध्याकाळी सासरेबुवा सूनबाईशेजारी येऊन बसले. ती एकदम सावरून बसली. तिच्या मनात वेगळीच धाकधूक होती. कागदाला रसायन फासताना फडकं म्हणून तिनं घाईत जे काही ओढलं, तो निघाला सासरेबुवांचा आवडता पांढरा शर्ट. त्यावर आता निळे ठिपके होते, आणि शर्ट तिनं गादीखाली दडवला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला सगळं कळलंय."

"कळलं?" तिचा चेहरा पडला. "बाबा, माफ करा हो. तुम्हाला सांगायला हवं होतं. धीरच झाला नाही."

"तुझ्यावर माझा राग नाही. तू तरी काय करणार?"

"मी सगळे उपाय केले, बाबा. डाग नाहीच जात."

"माहीत आहे मला."

"तरी उद्या आणखी एकाला दाखवते. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला."

सासरेबुवांनी तिच्याकडे पाहिलं. पोर दुःखानं बरळायला लागली, असं समजून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नको. आता कुणाला दाखवू नकोस," ते म्हणाले आणि डोळे पुसत उठले.

'एका शर्टासाठी डोळ्यांत पाणी?' सूनबाई हादरलीच. बाबांचा त्या शर्टावर इतका जीव होता!

पण खरं धाडस सासरेबुवांनी त्यानंतर केलं. त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला.

या दोन भावांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर सायकलची शर्यत. तरुणपणी दोघं एकाच क्लबात होते. एका शर्यतीत धाकटा पहिला आला आणि थोरला दुसरा. पुढे दोघांच्याही डोक्यावरचे केस गेले, तेव्हा एका लग्नात चार माणसांसमोर थोरले म्हणाले, "शेवटच्या वळणावर मीच ब्रेक दाबला, म्हणून हा जिंकला. नाहीतर याची काय टाप होती!" झालं! धाकटे भरल्या ताटावरून उठले, ते आजतागायत.

"दादा," सासरेबुवा फोनवर म्हणाले, "तू म्हणत होतास ते खरं. तू ब्रेक दाबलास म्हणून मी जिंकलो."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "धाकट्या, तुला काय झालंय?"

"या आठवड्यात जमलं तर येऊन जा," एवढंच म्हणून सासरेबुवांनी फोन ठेवला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी थोरले काका पिशवी घेऊन दारात उभे! दार उघडलं सूनबाईनं. तिच्या हाताला चिकटपट्टी, कपाळाला शाई. काकांना बघून ती हरखलीच. आईंनी किंवा नवऱ्यानं बाबांसाठी हाही बेत गुपचूप आखला असणार, असं तिला वाटलं.

काकांनी आत डोकावून हळूच विचारलं, "किती वेळ आहे गं?"

"उद्यापर्यंतच की, काका!"

काकांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. "उद्या?"

"हो ना! म्हणून तर माझी ही धावपळ. तसं सगळं तयार आहे. पण हवेचं काही सांगता येत नाही. सकाळी ऊन पडलं की पटकन उरकून टाकू."

"उरकून?" काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आणि… त्याला माहीत आहे?"

"छे! त्यांना आम्ही कानोकान कळू दिलेलं नाही. तुम्हीही बोलू नका हं!" असं म्हणून ती लगबगीनं आत गेली. फ्रेमवाल्याचा फोन वाजत होता.

काका गॅलरीत गेले. धाकट्यानं मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम गळ्यात पडले. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच परत फिरल्या. पंचाहत्तरी इतकी मनाला लावून घेणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती.

"नाही रे धाकट्या," काका हुंदके देत म्हणाले, "मी कुठला ब्रेक दाबतोय! तूच जिंकलास. माझ्या पायात गोळे आले होते. जळफळाटानं बोलून गेलो मी."

"नाही दादा, तूच दाबलास."

"नाही, तूच जिंकलास!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी सासरेबुवा उठले. "चल, दाखवतो तुला," म्हणाले आणि भावाचा हात धरून त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. फिल्म अजून खिडकीतच होती. बाकीचे तुकडे सूनबाईच्या टेबलावर पालथे पडले होते.

"हा बघ. डाग." सासरेबुवांनी तोंड फिरवलं.

काकांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. गेल्या महिन्यापासून त्यांना जगातली बारीकातली बारीक गोष्ट दिसत होती, आणि ती सगळ्यांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. त्यांनी फिल्म वरपासून खालपर्यंत निरखली. मग पुन्हा निरखली.

"धाकट्या."

"काय?"

"फुफ्फुसाला कॉलर असते का रे?"

"काय?"

"ही बघ कॉलर. आणि हे बटण. याच्या खाली आणखी एक बटण. काजासकट!"

सासरेबुवांनी खिशातून चष्मा काढून लावला. बराच वेळ ते त्या बटणाकडे बघत राहिले. मग त्यांनी अशी काही हाक मारली की समोरच्या शिंपीमामांनी मशीन थांबवलं.

"सूनबाई!"

सगळं घर मागच्या खोलीत गोळा झालं. मग एकच गलका! सूनबाई निगेटिव्ह समजावून सांगतेय, सासरेबुवा "मग डोक्यात काही नाही असं कोण म्हणालं?" असं विचारतायत, सासूबाई "उस्तवारी मी फोटोची म्हटलं हो, तुमची नाही!" म्हणून कळवळतायत, आणि नवरा मध्येच "म्हणजे तो पाण्याचा कॉक म्हणून दाखवत होते होय!" म्हणून हसतोय. सूनबाईनं घाबरून गादीखालचा शर्टही आणून दाखवला. तो या प्रकरणात कुणी मागितलेलाच नव्हता.

खरा एक्स-रे, डॉक्टरांच्या सहीचा कागद, सगळं समोर ठेवल्यावर सासरेबुवांचा विश्वास बसला. ते एकदा खोल श्वास घेऊन बघते झाले. मग आणखी एकदा. श्वास व्यवस्थित आत गेला आणि बाहेर आला. त्यांचे डोळे भरून आले, ते लपवायला ते सुनेवर खेकसले, "आणि माझ्या शर्टाचं फडकं केलंस?"

"म्हणजे तुला काहीच झालेलं नाही?" काकांनी खात्री करून घेतली.

"काही नाही."

"अगदी काहीच नाही?"

"ठणठणीत आहे!"

काकांनी रुमालानं नाक पुसलं, रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "मग ते पायात गोळे आल्याचं मी म्हणालो ना, ते तितकंसं खरं नाही."

"हो का?" सासरेबुवा ताठ झाले. "मग मीही ब्रेकचं म्हणालो, ते आजारी माणसाचं बोलणं होतं!"

"आजारी? आत्ताच तर ठणठणीत म्हणालास!"

"चहा घ्या," सासूबाई म्हणाल्या. दोघांनी तो एकाच टेबलावर, पण पाठीला पाठ लावून घेतला. तरी काका राहायला थांबले. एवढ्या वर्षांनी भांडायला मिळालं होतं, ते अर्ध्यावर सोडून कोण जाईल?

सकाळी लख्ख ऊन पडलं. गुपित फुटलंच होतं, म्हणून सगळेच गच्चीवर आले. सूनबाईनं कपाटात वाळवलेला पिवळट कागद आणला, त्यावर चार तुकड्यांची जोडलेली निगेटिव्ह ठेवली, वर काच. नवऱ्याला काचेला बोट न लावण्याची तंबी मिळाली. कागद उन्हात हळूहळू राखाडी झाला. मग तिनं तो मोठ्या ट्रेमधल्या पाण्यात सोडला आणि ट्रे हलवायला लागली. हिरवट पिवळा रंग धुपून गेला आणि पाण्यातून पट्ट्यांचा शर्ट वर आला, सायकल आली, बिल्ला आला. शेवटी निळी मिशी आली, आणि तिच्यामागून तो तरणाबांड चेहरा. अगदी जिवंत! मधोमध जोडाची पुसट रेघ होती, पण ती दिसायला काकांचेच डोळे हवेत.

सूनबाईचा ऊर भरून आला. सासरेबुवा चष्मा काढून पुसायला लागले.

काका ट्रेवर वाकले. "अरे," ते म्हणाले, "हा तर मी!"

"झालं सुरू!" सासरेबुवा उसळले. "आता माझा फोटोही तुझाच का?"

"बिल्ला वाच. काय लिहिलंय? कप्तान. क्लबाचा कप्तान कोण होता?"

सासरेबुवांनी चष्मा सारखा करून बिल्ला वाचला. मग मिशी बघितली. मग कान बघितले. आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, "हा दादा आहे."

सगळे सासूबाईंकडे वळले. फोटो दिला होता त्यांनी.

"असं कसं होईल?" सासूबाई गोंधळून म्हणाल्या. "आपलं लग्न ठरत होतं, तेव्हा तुमच्या घरून मला हाच फोटो आला होता. हा बघूनच तर मी हो म्हटलं!"

सूनबाईचा ट्रे हलवणारा हात थांबला. ट्रेमधलं पाणी तेवढं डुचमळत होतं.

"म्हणजे," सासरेबुवांनी सावकाश विचारलं, "मला पहिल्यांदा पाहिलंस, तेव्हा तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, फोटोत काय, सगळेच बरे दिसतात!"